आयआरसी, गोफर आणि लिंक्स : खानापूरच्या पावसाळ्यात वापरून पाहिल्यावर

आधी निकाल सांगतो. आयआरसी ही इंटरनेटवरच्या लेखी गप्पांची जुनी सोय, आणि गप्पांसाठी ती आजही खणखणीत चालते. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात तरी ते फोनवरच्या कुठल्याही ॲपपेक्षा भरवशाचं निघालं. गोफर ही याद्यांमधून मजकूर दाखवणारी जुनी सेवा; तिच्यावर वाचायला सुख वाटतं, पण माहिती शोधायला ती अपुरी पडते. लिंक्स हा अक्षरांपुरता ब्राउझर मराठी माणसाला या तिघांत सगळ्यात जास्त कामाला येतो. आणि तिन्ही ठिकाणी खरी झटापट एकच असते, आपली अक्षरं पडद्यावर नीट उमटवायची.

माझं काम कन्नडमधले कागद मराठीत करून द्यायचं. पहाणी (जमिनीचा उतारा), नोटिसा, तहसीलदार कचेरीतले अर्ज. घर जांबोटी रस्त्याला. मृगाचा पाऊस एकदा लागला की करंट कधी जाईल सांगता येत नाही, आणि करंट गेला की थोड्या वेळाने टॉवरही मान टाकतो. उरते ती सिग्नलची एखादी काडी. त्यात दिवसाचा डेटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे ८ बिटांचा एक बाइट धरून सेकंदाला जेमतेम ८ केबी. दोन एमबीचं एक साधं पान उघडायला चार मिनिटं लागणार, तीही मध्ये तुटलं नाही तर. आजकाल दोन एमबीचं पान म्हणजे काही मोठं पान नव्हे. बातमीच्या चार ओळींसाठी एवढं ओझं ओढावं लागतं, याचा मला राग येतो. म्हणून मृगापासून ही जुनी साधनं लावली. आता संक्रांत झाली, तेव्हा लिहायला हरकत नाही.

आयआरसी बनवलं फिनलंडच्या औलू विद्यापीठातल्या यार्को ओइकारिनेन यांनी, ऑगस्ट १९८८ मध्ये. तेव्हाच्या तारा आजच्या आमच्या काडीइतक्याच अशक्त होत्या, त्यामुळे सगळी रचनाच काटकसरीची. एका संदेशाला कमाल ५१२ बाइट, आणि त्यातच पाठवणाऱ्याचं नाव, चॅनेलचं (म्हणजे गप्पांच्या खोलीचं) नाव, ओळीचा शेवट सगळं बसवायचं. १९९३ च्या नियमपत्रात ही मर्यादा लिहिलेली आहे आणि ती अजून पाळली जाते. रोमन लिपीत लिहिणाऱ्याला एवढं भरपूर होतं. आपल्याला मात्र हिशोब करावा लागतो, कारण अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना वेगळा, वेलांटी वेगळी, हलन्तही वेगळा. जुलैत आमच्या चॅनेलवर आलेली ही ओळ बघा : ‘हब्बनहट्टीचा मारुती पाण्याखाली गेला’. मोकळ्या जागा धरून बरोबर ९९ बाइट. त्यातल्या एकट्या ‘ट्टी’ला १२ लागले. नाव-पत्ता वजा जाता एका संदेशात साधारण १३० चिन्हं मिळतात, म्हणजे दोन बेताची वाक्यं. इर्सी हा आयआरसी वापरायचा प्रोग्राम लांब मजकूर आपोआप दोन ओळींत तोडून पाठवतो. सगळेच प्रोग्राम एवढे शहाणे नाहीत. काही मधूनच कापतात आणि पुढच्याला शेवटी अर्धवट अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह दिसतं.

पण तेच ९९ बाइट त्या ८ केबीच्या वेगातही डोळ्याची पापणी लवायच्या आत जातात, हे लक्षात घ्या. मलप्रभेला पाणी चढलं की ती बातमी फोटोसकट पाठवणाऱ्यांचे संदेश तासभर फिरत राहतात. आमची ओळ कणकुंबीहून सुटली की निपाणीला पोचलेली असते. १९९१ साली मॉस्कोत उठाव झाला आणि तिथल्या माध्यमांवर बंदी आली, तेव्हा बाहेरच्या जगाला खबर आयआरसीवरून जात होती. कशी जात असेल ते आता मला नीट समजतं.

चॅनेलवर आम्ही मोजके लोक. दोघे निपाणीकडचे, एक चंदगडचे मास्तर, एक जण गोव्यात साखळीला, आणि हुक्केरीचा एक मित्र, जो कन्नडमध्येच लिहितो. त्याच्या कन्नडला आम्ही मराठीत उत्तर देतो. बेळगावच्या कुठल्याही चहाच्या गाड्यावर चालतं तेच इथे लेखी चालतं. कोणालाही ‘मराठीत लिही की रे’ म्हणावं लागत नाही. चोर्ला घाटात दरड आली का, लोंढ्याकडची गाडी किती उशिरा आहे, तंबाखूचा दर काय बोलतायत, अशी विचारणा दिवसभर असते. मजकूर वरून खाली वाहत असतो. कोणी कोणाच्या संदेशावर अंगठा दाखवत नाही, सकाळी फुलांची चित्रं येत नाहीत. बोलायचं असेल तर शब्द लिहावे लागतात. या एका गोष्टीने आमच्या बोलण्याचा पोत बदलला. मास्तर तर परिच्छेद लिहितात, आणि सगळे वाचतात.

आता तक्रारी. आयआरसीला आठवण नाही. तुम्ही तुटला असाल त्या वेळचं बोलणं तुमच्यासाठी झालंच नाही. नव्या माणसाला हे सांगूनही पटत नाही. उपाय आहे, पण तो तयार मिळत नाही. पुण्यातल्या भाच्याने एका भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर इर्सी कायमचं चालू ठेवून दिलं. म्हणाला, ‘मामा, हे तिथे जागं राहील, तुम्ही यायचं आणि जायचं.’ टीमक्स नावाच्या प्रोग्राममुळे ते तिथे चालू राहतं आणि मी मॉश नावाचा दुसरा प्रोग्राम वापरून लांबून त्याला जोडून घेतो. मॉश २०१२ मध्ये एमआयटीत तयार झालं, खास तुटक्या नेटसाठी. नेट गेलं तरी जोडणी मरत नाही. लॅपटॉप मिटला, सकाळी उघडला, दरम्यान मोबाईलचा आयपी पत्ता (नेटवरचा ओळख-क्रमांक) बदलला, तरी पडदा होता तसा समोर येतो. कमांड टाइप करताना सर्व्हरपर्यंत न पोचलेल्या अक्षरांखाली रेघ दिसते आणि पोचली की पुसली जाते. काडीवर जगणाऱ्याला ती रेघ फार उपयोगी, नेटमध्ये जीव आहे की नाही ते तिच्यावरून कळतं. मॉशविना या साधनांची शिफारस मी आमच्या भागात करणारच नाही.

दुसरी तक्रार गुप्ततेची. जुनं ६६६७ पोर्ट (म्हणजे सर्व्हरचं त्या नंबरचं दार) वापरलंत तर सगळं उघड्यावर जातं. ६६९७ वापरा, तिथे कूटबद्ध जोडणी मिळते. शिवाय काही नेटवर्कांवर तुमचा आयपी पत्ता चॅनेलमधल्या सगळ्यांना दिसतो. आम्ही लिबेरा चॅटवर आहोत, मे २०२१ मध्ये सुरू झालेलं नेटवर्क. तिथे नाव नोंदवून पत्ता झाकून घेता येतो. आधी नोंदणी, मग गप्पा, हा क्रम पाळा. टेलनेट या जुन्या, उघड्या जोडणीने तर पासवर्ड कधीच पाठवू नका, वाटेतल्या कोणालाही तो जसाच्या तसा वाचता येतो.

तिसरी तक्रार मला सगळ्यात जास्त बोचते. आमच्या आईला हे वापरता येणार नाही. तिला बोलून पाठवायची सवय आहे, आणि इथे आवाजाला जागा नाही. म्हणजे घरासाठी दुसरं काहीतरी ठेवावंच लागतं.

गोफरकडे वळतो. मिनेसोटा विद्यापीठात १९९१ मध्ये मार्क मॅकॅहिल आणि त्यांच्या गटाने ते तयार केलं. सगळी माहिती याद्यांमध्ये लावलेली. एक यादी उघडा, त्यातून दुसरी, शेवटी साधा मजकूर. आतलं यंत्र इतकं साधं आहे की हाताने चालवता येतं. सर्व्हरच्या ७० नंबरच्या पोर्टला जोडायचं, हव्या त्या पानाचा पत्ता एका ओळीत टाइप करून एंटर मारायचं. मजकूर येतो आणि जोडणी बंद. यादीच्या प्रत्येक ओळीचं पहिलं चिन्ह ती ओळ कसली आहे ते सांगतं : ० असेल तर मजकूर, १ असेल तर पुढची यादी, ७ असेल तर शोध. मी हे एका दुपारी खरंच हाताने करून पाहिलं आणि इंटरनेट म्हणजे काय हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा स्वच्छ कळलं. शिकणाऱ्या मुलांना हे एकदा दाखवाच. आमच्याकडे व्हीटीयू या बेळगावच्या तांत्रिक विद्यापीठाची इतकी कॉलेजं आहेत, नेटवर्कच्या पहिल्या तासाला एवढं केलं तरी पोरांना पुढचं सोपं जाईल.

हे मागे का पडलं, तेही सांगण्यासारखं आहे. १९९३ मध्ये विद्यापीठाने गोफर सर्व्हरसाठी परवाना शुल्क घेण्याची भाषा केली. त्याच वर्षी ३० एप्रिलला सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेने वेब सगळ्यांना मोफत खुलं केलं. लोक तिकडे गेले. फायरफॉक्सने २०११ च्या चौथ्या आवृत्तीत गोफर काढूनच टाकलं.

आज तिथे काय सापडतं? व्हेरोनिका-२ हे शोधयंत्र चालू आहे, फ्लडगॅपच्या सर्व्हरवर. मूळ व्हेरोनिका १९९२ ची, नेवाडा विद्यापीठातली. तिच्याही आधी १९९० मध्ये मॅकगिल विद्यापीठात ॲलन एमटेज यांनी आर्ची बनवलं होतं, ते एफटीपी (फायली देण्या-घेण्याच्या) सर्व्हरवरच्या फायलींची नावं शोधायचं. व्हेरोनिकाही मुख्यतः यादीतली नावंच बघते. आतला मजकूर ती वाचत नाही, त्यामुळे नेमकं काय हवं ते तुम्हाला आधीच ठाऊक असावं लागतं. संगणक, रेडिओ, जुन्या यंत्रांविषयी भरपूर आहे, लोकांच्या रोजनिशा आहेत, आणि त्या जाहिरातींविना वाचताना मन शांत राहतं. पण बेळगावच्या बाजारातला भाजीचा भाव, बसची वेळ, कोर्टाची तारीख यातलं काही मिळणार नाही. आणि मराठी मजकूर जवळजवळ नाहीच.

म्हणून एसडीएफवर खातं काढलं. १९८७ पासून चालू असलेली सार्वजनिक युनिक्स सेवा आहे ती, सभासदांना गोफरवर जागा देते. तिथे कचेरीतल्या कन्नड शब्दांची मराठी अर्थांसह यादी ठेवली आहे, कामातून जमलेली. साधी मजकूर फाइल, काही केबींची. चंदगडचे मास्तर ती उघडायला गेले तर त्यांना डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि चिन्हांचा कचरा दिसला. कारण असं की गोफर मजकुराबरोबर लिपीची माहिती पाठवत नाही. लिंक्सच्या सेटिंगमध्ये न सांगितलेली लिपी यूटीएफ-८ समजावी असं लिहावं लागतं. एकदा ते केलं की सगळं सरळ.

लिंक्स १९९२ मध्ये कॅन्सस विद्यापीठात सुरू झालं आणि आजही त्याची डागडुजी चालू आहे. अजून सांभाळले जाणारे याहून जुने ब्राउझर नाहीत. वेबही उघडतं, गोफरही. चित्रं नाहीत, जावास्क्रिप्ट नाही. मराठी विकिपीडिया त्यात फार छान वाचता येतो. बाणाच्या खुणेने दुवा निवडायचा, उजव्या बाणाने आत, डाव्याने मागे. ६४ केबीपीएसवर लेख उघडायला लागणारा वेळ जाणवतो, पण चिडचिड होत नाही. सरकारी अर्ज, बँक, तिकीट यासाठी मात्र ते निरुपयोगी आहे, पान कोरं येतं. लॉगिन लागणारं काही त्यात करायच्या भानगडीत पडू नका.

राहिला अक्षरांचा प्रश्न. लिनक्सचा नुसता काळा कन्सोल देवनागरी दाखवूच शकत नाही, त्यात फार तर ५१२ आकार मावतात. एक्सटर्म या खिडकीत चालणाऱ्या टर्मिनलमध्ये अक्षरं येतात पण जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी आपल्या अक्षराच्या मागे जाऊन बसते. ‘निपाणी’ वाचताना दर वेळी ठेच लागते. दिवसभर असं वाचलं तर डोकं दुखतं, हे मी गंभीरपणे सांगतो, कारण याच पायरीवर आमच्यातले दोघे सोडून जायला निघाले होते. एमएलटर्म हे दुसरं टर्मिनल बसवल्यावर मिटलं. भारतीय लिप्यांची जुळणी ते स्वतः करतं. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स या टर्मिनल ॲपमध्ये इर्सी आणि लिंक्स दोन्ही मिळतात, पण मी लांबचं वाचन लॅपटॉपवरच करतो.

यूजनेटचा, म्हणजे विषयवार चर्चागटांच्या जुन्या जाळ्याचा, उल्लेख थोडक्यात करतो, कारण बऱ्याच जणांनी विचारलं. ‘सोक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी’ या नावाचा गट होता, परदेशात गेलेली मराठी माणसं तिथे रोमन लिपीत मराठी लिहायची. गूगलने २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगल ग्रुप्समधून यूजनेटवर नवीन लिहिण्याची सोय बंद केली. जुनं वाचायला जा. रोजच्या बोलण्यासाठी तिथे आता माणसं नाहीत. सर्व्हरवर कोण आहे ते विचारायचं फिंगर नावाचं साधन तर मी फक्त बघितलं आणि सोडलं. १९८८ च्या नोव्हेंबरात मॉरिस वर्म या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने त्याच्याही सर्व्हरमधल्या भोकातून शिरून हाहाकार केला होता, तेव्हा स्वतःच्या सर्व्हरवर ते चालू ठेवण्याचं कारण मला दिसत नाही.

आपल्या देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीकडून, आणि तेव्हाचं स्वस्तातलं खातं अशाच अक्षरांच्या पडद्याचं होतं. ज्यांनी तेव्हा ते वापरलं त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. नव्यांनी या क्रमाने जावं : आधी एमएलटर्म आणि एक चांगला युनिकोड फॉन्ट, मग लिंक्स, त्यात आठवडाभर मराठी विकिपीडिया वाचा, मग मॉश आणि आयआरसी. गोफर शेवटी. जुना दोन जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो, माझा तेवढाच आहे, आणि करंट नसताना तो बॅटरीवर नेहमीच्या ब्राउझरपेक्षा बराच जास्त टिकतो. हुक्केरीच्या मित्राची कन्नड अक्षरं माझ्याकडे अजून काही ठिकाणी एकमेकांवर चढतात. त्यासाठी वेगळा फॉन्ट लावून बघतोय, जमलं की कोणता ते इथेच लिहीन.