चेकसम ऑफलोड चालू ठेवावं का? पेरणीपासून तुरीपर्यंत वापरून पाहिलं

चेकसम म्हणजे पॅकेट (डेटाचा तुकडा) वाटेत बिघडलं का ते ओळखायची बेरीज, अन् ही बेरीज सीपीयूऐवजी नेटवर्क कार्डानं काढायची सोय म्हणजे चेकसम ऑफलोड. दारव्हा तालुक्यातल्या गावात माझं सेवा केंद्र आहे, तिथं जुन्या कोअर टू ड्युओ डेस्कटॉपवर लिनक्स टाकून स्कॅन केलेल्या कागदांचा सर्व्हर केलाय, त्यात सेकंडहँड घेतलेलं इंटेलचं गिगाबिट कार्ड, ड्रायव्हर ई१०००ई. पीक विम्याच्या गर्दीत सगळे काउंटर एकदम फाईली ओढतात, तेव्हा खरी परीक्षा. चेकसम ऑफलोड ऑन असलं की सीपीयू निवांत, ऑफ करून पाहिलं तर टॉपमध्ये (सीपीयूचा भार दाखवणारी कमांड) आकडा लगेच चढते. पण राजेहो, तो सगळा भार बेरजेचाच नाही बरं का, टीएक्स चेकसम (पाठवतानाची बेरीज) बंद केलं की टीएसओ (मोठ्या डेटाचे तुकडे कार्डानंच पाडायची सोय) पण आपोआप बंद होते, मग ते तुकडे पाडायचं कामही सीपीयूच्याच डोक्यावर. १०० एमबीपीएसचा स्विच असंल तर फरक जाणवतच नाही.

बरेच जण टीसीपीडंप (पॅकेट पकडून दाखवणारा प्रोग्रॅम) लावतात, जाणाऱ्या पॅकेटवर 'चेकसम इनकरेक्ट' दिसलं की घाबरून ऑफलोड बंद करतात. अरे भाऊ, ती कॉपी पॅकेट कार्डात जायच्या आधीची असते, खरी बेरीज कार्ड नंतर भरते. पाहायचंच असंल तर समोरच्या मशीनवर पकडा.

तसं पकडलं म्हणूनच आधीचं स्वस्तातलं यूएसबी लॅन अडॅप्टर अडगळीत गेलं (कंपनीचं नाव नाही घेत). पिंग (समोरची मशीन उत्तर देते का ते पाहायची कमांड) मस्त चालायचं अन् सातबारा प्रिंटला टाकला की लटकायचा. पिंग ज्या आयसीएमपी पॅकेटांवर चालते त्यांचा चेकसम सॉफ्टवेअरच काढते, म्हणून तिथं कार्डाची लबाडी दिसत नाही. लॅपटॉपवर पाहिलं तर काही छोट्या पॅकेटांचा चेकसम खरंच चुकलेला, तिकडं नेटस्टॅट -एस मध्ये इनसीएसयूएमएरर्स (चेकसम चुकलेल्या पॅकेटांचा आकडा) वाढतच होते. इथटूलला (कार्डाची सेटिंग बदलायची कमांड) कॅपिटल के देऊन टीएक्स ऑफ केलं, प्रिंट सुरू. छोट्या पॅकेटचं हे दुखणं जुनंच आहे, रास्पबेरी पाय ३ बी ज्या एसएमएससी९५एक्सएक्स ड्रायव्हरवर चालते त्यातही अगदी लहान पॅकेटची बेरीज सॉफ्टवेअरनं करायची तजवीज मुद्दाम केलेली आहे.

इंटेलवाल्या कार्डावर अशी काहीच कटकट नाही, त्याला हातच लावला नाही.

एक वैताग मात्र आहे, इथटूलनं केलेला बदल रीबूटला टिकत नाही. ते अडॅप्टर होतं तेव्हा आमच्याकडं लाईन गेली, इन्व्हर्टर उतरला की मशीन बंद, उठली की टीएक्स परत ऑन अन् प्रिंट परत लटकली. ज्याच्याकडं तसलं अडॅप्टर असंल त्यानं नेटवर्क मॅनेजरच्या कनेक्शनमध्येच सेटिंग टाकून ठेवा.