गूगल बिझनेस प्रोफाइल: पैसेवाली यादी सोडल्यानंतरचे काही महिने

पैसे घेऊन दुकानांची नावं दाखवणाऱ्या एका व्यवसाय-यादीवाल्यांचं वर्षाचं पॅकेज संपत आलं आणि फोन सुरू झाले. गिऱ्हाईक समोर उभं, तरी फोन. ‘ऑफर उद्या संपते’ म्हणून परत फोन. मिक्सर-कुकर दुरुस्तीचं दुकान आमचं. त्या यादीतून आलेले बहुतेक जण नुसता भाव विचारणारे, कारण तीच चौकशी आणखी चार दुकानांना गेलेली. एवढे पैसे फुकट घालवायला आमच्याकडे नाहीत. पॅकेज बंद केलं आणि गूगलच्या फुकट नोंदीकडे नीट लक्ष द्यायला लागलो.

या नोंदीचं ‘गूगल माय बिझनेस’ हे जुनं नाव २०२१ मध्ये बदलून ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ झालं, वेगळं ॲपही नंतर बंद झालं; आता सगळं सर्च आणि मॅप्समधूनच. ते जमतं. माझ्या लेखी सगळ्यात मोलाची सोय वेळेची. एका दिवसाच्या दोन वेळा भरता येतात: साडेनऊ ते एक, चार ते साडेआठ. साताऱ्यात दुपारी आमचं शटर खाली असतं हे गल्लीला ठाऊक, पण कोरेगावहून एसटीने जार घेऊन येणाऱ्याला कसं कळणार? बंद दुकानापुढे उन्हात बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना पाहून जीव तुटायचा. आता बहुतेक जण वेळ बघून निघतात. सणाच्या दिवसांची वेळ वेगळी टाकता येते, ती टाकाच. आणि बदल कोणालाही सुचवता येतो, म्हणून आपली वेळ अधूनमधून तपासत जा.

गिऱ्हाइकांच्या परीक्षणांबद्दल (रिव्ह्यू) मात्र मत बदललं. आधी मी तारे मोजायचो. पण ‘छान सेवा’ वाचून कोणी दुकानात येत नाही. एका ताईंनी ‘जुन्या सुमीतचं कपलर मिळालं’ (कपलर म्हणजे मिक्सरचा एक सुटा भाग) एवढंच लिहिलं आणि जुने मिक्सरवाले विचारत यायला लागले. तेव्हापासून वस्तू हातात देताना सांगतो, “काय दुरुस्त केलं तेवढं लिहा.” काउंटरवर परीक्षण लिहिण्यासाठी क्यूआर कोड आहे, पण तोंडाने सांगितल्याशिवाय कोणी स्कॅन करत नाही. बदल्यात सूट देऊ नका. गूगलच्या नियमांत ते बसत नाही आणि मलाही पटत नाही. लिहिणाऱ्या प्रत्येकाला दोन ओळींचं उत्तर देतो, मराठीतच.

सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी टाकलेला नंबर संध्याकाळपर्यंत शुभेच्छांखाली जातो. महिन्याने कुणाचा कुकर बिघडला की पुन्हा तीच विचारणा. म्हणून ओळखीच्यांना नंबराऐवजी नोंदीची लिंक द्यायला सांगितलंय. त्यात वेळ, रस्ता आणि कुठले सुटे भाग आहेत त्याचे फोटो एकत्र मिळतात.