वजनकाट्याचा ११ जीबींचा लॉग आणि ‘लेस’

चिकोडी भागातील एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा सर्व्हर मी बेळगावातून सांभाळतो. गाळप हंगामात काट्यावर येणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टर-ट्रॉलीची नोंद लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलीत, पडते, आणि प्रोग्रॅममध्ये एखादी चूक राहून गेली की तोच संदेश पुन्हा पुन्हा लिहिला जाऊन ती फाइल एका रात्रीत अवाढव्य होते. अशा फाइली पाहण्यासाठी मी ‘लेस’ ही कमांड वापरतो. तिची शिफारस मी इतक्या आग्रहाने का करतो, हे समजण्यासाठी त्याआधीची माझी चूक सांगितली पाहिजे.

एका हंगामात मी ११ जीबींचा लॉग सवयीने ‘विम’ या एडिटरमध्ये उघडला. सर्व्हरची मेमरी होती ४ जीबी. एडिटरचे काम फाइल बदलण्याचे असल्यामुळे तो ती संपूर्ण वाचायला घेतो. त्या वाचनात मेमरी संपली आणि ती मोकळी करण्यासाठी लिनक्सच्या कर्नलने, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याने, जी प्रोसेस बंद केली, ती डेटाबेसची होती. काटा पाऊण तास थांबला आणि ट्रॉल्यांची रांग फाटकाबाहेर गेली. तोडलेला ऊस उन्हात थांबला की त्याचे वजन घटते, आणि ते नुकसान शेतकऱ्याचे असते. मला फक्त शेवटच्या पन्नास ओळी पाहायच्या होत्या.

मार्क नूडलमन यांनी १९८३ ते १९८५ च्या दरम्यान लिहिलेली ‘लेस’ नेमकी इथे उपयोगी पडते. पडद्यावर दाखवायचा तेवढाच भाग ती वाचते, त्यामुळे ११ जीबींची फाइलही तत्काळ उघडते. मोठा ‘जी’ दाबला की ती थेट शेवटाला जाते. तेव्हा ओळींचे क्रमांक मोजण्यात वेळ जाऊ लागला, तर कंट्रोल-सी दाबून मोजणी थांबवता येते, किंवा कमांड देतानाच लहान ‘एन’चा पर्याय जोडून ती टाळता येते. तिरकी रेघ टाइप करून शब्द द्यावा, म्हणजे शोध पुढे चालतो; प्रश्नचिन्हाने तो मागे जातो, आणि शेवटाकडून मागे शोधणे हेच लॉगच्या बाबतीत बहुधा शहाणपणाचे ठरते. मोठ्या ‘एस’चा पर्याय दिला की लांब ओळी दुमडत नाहीत आणि वेळेचा रकाना एका सरळ रेषेत दिसतो. मोठा ‘एफ’ दाबला की नव्या ओळी येतील तशा दिसत राहतात; मात्र रात्री लॉगचे नाव बदलून नवी फाइल सुरू होत असेल, तर ‘लेस’ जुन्याच फाइलीला धरून बसते. त्यासाठी फाइलीचा शेवट दाखवणारी ‘टेल’ कमांड मोठ्या ‘एफ’सह वापरावी.

सुरक्षिततेचा दुसरा पैलू मला अधिक महत्त्वाचा वाटतो. लॉगमध्ये बाहेरच्या माणसाने पाठवलेला मजकूरही उतरतो. फाइल पडद्यावर ओतणारी ‘कॅट’ कमांड तो जसाच्या तसा टर्मिनलकडे, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडकीकडे, सोडते, त्यामुळे त्यात दडलेले नियंत्रण-संकेत टर्मिनलवर अंमल करू शकतात. ‘लेस’ ते संकेत निरुपद्रवी अक्षरांच्या रूपात दाखवते. लहान ‘आर’चा पर्याय हे संरक्षण काढून घेतो, म्हणून तो देऊ नये. ‘सुडो’ (रूट या सर्वाधिकारी खात्याचे अधिकार देणारी कमांड) लावून ‘लेस’ चालवण्याची परवानगीही कोणाला सहज देऊ नये, कारण आतून उद्गारचिन्ह टाइप करून रूटच्या अधिकाराची शेल, म्हणजे हवी ती कमांड चालवण्याची जागा, उघडता येते. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रकारांवर वापरकर्त्याला ‘एडीएम’ गटात घातले की सिस्टिमचे बहुतेक लॉग सुडोशिवाय वाचता येतात.

आपल्या भागातील एक अडचण इथे नोंदवतो. काट्याच्या लॉगमध्ये शेतकऱ्यांची नावे मराठीत असतात, काही कन्नडमध्ये. सर्व्हरची भाषा-मांडणी यूटीएफ-८ (सर्व लिप्यांसाठीची अक्षर-संकेतपद्धत) नसेल, तर नावाच्या जागी कोनी कंसांतील संकेतांची रांग दिसते: मराठी अक्षरांना ‘ई०’ आणि ‘ए४’ किंवा ‘ए५’, कन्नड अक्षरांना ‘ई०’ आणि ‘बी२’ किंवा ‘बी३’. फाइल बिघडली असे समजून घाबरू नये. ‘लेसकॅरसेट’ या चलाला (सेटिंगला) यूटीएफ-८ ही किंमत दिली की ‘लेस’ अक्षरे ओळखू लागते.

उणिवाही आहेत. संपूर्ण मजकूर एकाच प्रचंड ओळीत असेल, तर ‘लेस’ रखडते. दुसऱ्या कमांडचे उत्तर पाइपमधून (कमांडींना जोडणाऱ्या | चिन्हाने) तिच्याकडे वळवले, तर वाचलेला मजकूर ती मेमरीत साठवते. तेव्हा शेवटाला जाणे म्हणजे सगळा मजकूर मेमरीत भरणे. कॉम्प्रेस करून ठेवलेल्या जुन्या लॉगसाठीची ‘झेडलेस’ याच मार्गाने चालते, म्हणून मी तिथे आधी जुळणाऱ्या ओळी निवडणाऱ्या ‘झेडग्रेप’ने हवा तो तास गाळून घेतो.

काट्यावरच्या ऑपरेटरच्या खात्यात मी आता ‘लेससिक्युअर’ हे चल १ करून ठेवले आहे, ज्याने आतून शेल किंवा एडिटर उघडणे बंद होते. यूटीएफ-८ आणि मोठा ‘एस’ही तिथे कायमचे लावले आहेत. गेल्या हंगामात काटा अडखळला, तेव्हा ऑपरेटरने स्वतः लॉग उघडला, मागे शोध घेतला आणि कुठल्या ट्रॉलीनंतर जोडणी तुटली, ते शेतकऱ्याच्या नावागावासह मला फोनवर वाचून दाखवले.