हिवाळ्यातली छोटी बाग: हंगामी फुलं की कायमची झुडपं?

बाग चार-सहा कुंड्यांची किंवा एका अरुंद वाफ्याची असेल, तर हिवाळ्यात सगळ्याच हौशी पुरवता येत नाहीत. रोपं आणण्याआधी एकच गोष्ट पाहा: तुमच्याकडे रात्री दव गोठतं का?

गोठत नसेल, तर हंगामी फुलांना तोड नाही. पिटुनिया, कॅलेंडुला, अ‍ॅलिसम, डॉग फ्लॉवर ही सगळी गार हवेत खुलतात. कळ्या धरलेली रोपं लावली की आठवड्याभरात रंग दिसतो. पिटुनिया बियांपासून करायचा तर मात्र जवळपास तीन महिने आधी पेरावं लागतं. ऊन भरपूर हवं आणि हाताला रोजचं काम असतं. पॅन्सीचंच बघा. सुकलेलं फूल पूर्ण देठासकट बुडाशी खुडायचं. नुसत्या पाकळ्या ओढल्या तर मागे बोंड राहतं, झाड बी धरायच्या मागे लागतं आणि नव्या कळ्या कमी येतात. हे जमणार नसेल तर हंगामी फुलांच्या वाटेला जाऊ नका.

दव गोठत असेल, तर पिटुनिया टिकत नाही. पॅन्सी तग धरते, पण कडाक्याच्या थंडीत तिचंही फुलणं थांबतं. अशा ठिकाणी मी डोळे झाकून झुडपांच्या बाजूने कौल देईन. लाल डॉगवुडची पानं गळाली की उघड्या फांद्याच लालभडक दिसतात. हा रंग कोवळ्या फांद्यांचा असतो, म्हणून हिवाळा सरताना जुन्या फांद्या बुडापासून छाटायच्या. महोनियाची पिवळी फुलं ऐन थंडीत येतात, अर्धवट सावलीतही येतात, आणि जरा ऊब असलेल्या दिवशी मधमाश्या त्यांच्यावर हमखास दिसतात.

पक्षी यावेत असं वाटत असेल तर फळं हवीत. हॉलीची फळं देखणी, पण तिची नर आणि मादी झाडं वेगळी. बहुतेक जातींना फळं धरायला जवळपास नर झाड लागतं. एवढी जागा छोट्या बागेत कुठून आणायची? त्यापेक्षा पायराकँथा बरा. एकाच झाडाला केशरी-लाल घोस लागतात आणि तो भिंतीलगत सपाट वाढवता येतो. काटे मात्र जबर, त्यामुळे वाटेच्या कडेला नको. त्याची फुलं, आणि मागाहून फळं, गेल्या वर्षीच्या फांद्यांवर येतात; सरसकट छाटलात तर त्या हिवाळ्यात फळं मिळणार नाहीत.