यूबिटेक्सच्या तारा, त्यांचे रंग आणि नावं : एक पावसाळा काढल्यानंतर

यूबिटेक्स, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा (हॅमचा) छोटा ट्रान्समीटर-रिसीव्हर सेट, हातात आल्यावर आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवायची. राडुइनोच्या, म्हणजे सेटचं नियंत्रण करणाऱ्या छोट्या बोर्डाच्या, आठ पिनांच्या कनेक्टरवरची काळी तार ग्राउंड नाही आणि लाल तार प्लस नाही. ग्राउंड पिवळी आहे आणि पाच व्होल्ट हिरव्या तारेत आहेत. वर्षानुवर्षं बॅटरी, चार्जर, गाडीचं वायरिंग हाताळलेल्या माणसाचा हात इथे सवयीनेच चुकतो. काळी तार चॅसीला जोडली तर फार काही बिघडत नाही, ट्यूनिंगचा एन्कोडर (फ्रिक्वेन्सी बदलायची फिरकी) तेवढा मुका होतो. पण लाल तारेला कुणी १२ व्होल्ट दिले, तर ते सरळ राडुइनोवरच्या आर्डुइनो नॅनो या छोट्या कंट्रोलरच्या ए२ पिनवर जातात आणि नॅनो गेलाच म्हणून समजा.

हे रंग मनाला येईल तसे लावलेले नाहीत, ते रेझिस्टरच्या कलर कोडचे आहेत. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, म्हणजे अनुक्रमे ए०, ए१, ए२, ए३. पुढे निळा सहा आणि जांभळा सात, म्हणजे ए६ आणि ए७. मग चार आणि पाच कुठे गेले? नॅनोच्या ए४ आणि ए५ या पिना आत एसआय५३५१ या क्लॉक चिपशी बोलण्यात गुंतलेल्या असतात, त्या बाहेर काढलेल्याच नाहीत. त्यांच्या रिकाम्या जागी ग्राउंड आणि पाच व्होल्ट आले आणि चारचा पिवळा, पाचचा हिरवा त्यांच्या वाट्याला आला. एकदा हे कळलं की कागद न बघता तार ओळखता येते. मला ही पद्धत मनापासून आवडली आहे. फक्त ती ठाऊक नसलेल्या माणसाच्या हातात उघडा बॉक्स देऊ नये.

ज्यांना हा सेट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हैदराबादचे अशर फरहान (हॅम म्हणून त्यांचं कॉल साइन व्हीयू२ईएसई) यांचं हे डिझाइन. डिसेंबर २०१७ मध्ये ते बाजारात आलं. ३ ते ३० मेगाहर्ट्झ, एसएसबी (बोलणं) आणि सीडब्ल्यू (मोर्स), शेवटी पॉवर वाढवणारे दोन आयआरएफ५१० ट्रान्झिस्टर, खालच्या बँडवर दहा वॅटच्या आसपास आणि वर जाल तशी पॉवर कमी. सर्किट आणि प्रोग्रॅम दोन्ही सगळ्यांसाठी खुले. आवृत्ती ६ मध्ये जॅक, व्हॉल्यूम, एन्कोडर सगळं बोर्डावरच बसवून येतं, तारा ओढायचा प्रश्नच नाही. माझ्याकडे आहे ती आवृत्ती ४, सेकंड हँड, नुसता मेन बोर्ड आणि त्यावर उभा बसणारा राडुइनो. मूळच्या तारा आधीच्या मालकाने काढून ठेवल्या होत्या, त्या कुठे गेल्या त्याचा पत्ता नाही. त्यामुळे हा अनुभव बोर्डापेक्षा त्याच्या भोवतीच्या तारांचाच जास्त आहे. सेट रत्नागिरीत, खिडकीजवळच्या टेबलावर. खारी हवा आणि चार महिने दमट, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

तारांसाठी मी सुरुवातीला तयार रिलीमेट आणले. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दोन पिनांपासून पुढे हवे तेवढ्या पिनांचे, एका टोकाला तारा क्रिंप केलेले जुडगे मिळतात ते. सोय मोठी असते, पण रंगांचा क्रम जुडग्यागणिक बदलतो. एकात पहिली तार लाल, दुसऱ्यात पांढरी. म्हणजे वर सांगितलेली सगळी सुंदर व्यवस्था पहिल्याच दिवशी मोडीत. शेवटी आठ पिनांच्या जागी मी रंगीत रिबन केबल घेतली. तिच्यातही एक मेख आहे. रिबनची सुरुवात तपकिरी तारेने होते आणि काळी सगळ्यात शेवटी, दहाव्या जागी असते. काळी सोलून अलीकडे आणायची, करडी आणि पांढरी काढून टाकायची, की राडुइनोचा क्रम बरोबर जुळतो.

दुसरी मेख हाऊसिंगची. रिलीमेटला एका बाजूला कडा असल्याने तो उलटा बसत नाही, हे खरं. पण आकृती बोर्डाकडे वरून बघून काढलेली असते आणि आपण हाऊसिंग हातात धरून मागून, तारांच्या बाजूने बघत असतो. डावं-उजवं बदललं की सगळा क्रम आरशात पाहिल्यासारखा उलटा होतो आणि कनेक्टर मात्र खट्‌कन बरोबर बसतो. दोन पिनांच्या अँटेनाच्या कनेक्टरवर याचा परिणाम म्हणजे कोअ‍ॅक्स केबलचं शील्ड ग्राउंडऐवजी सिग्नलच्या बाजूला. म्हणून पिना हाऊसिंगमध्ये सरकवल्यावर, बोर्डाला लावायच्या आधी, मल्टिमीटरचा बीप प्रत्येक तारेवर घ्यायचा. एक टोक हाऊसिंगच्या तोंडात, दुसरं तारेच्या मोकळ्या टोकाला. कंटाळवाणं काम आहे, पण पुढे ते फार वेळ वाचवतं.

आता पावसाळ्याचं. जुलैच्या मध्यावर आवाज खरखरायला लागला. व्हॉल्यूम फिरवला की मध्येच सिग्नल गायब, बॉक्सवर टिचकी मारली की परत हजर. लक्षण पाहून कुणीही व्हॉल्यूमचा पॉट (फिरवायचा रेझिस्टर) बदलेल. पण मी प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावलेली असल्याने आधी तारा तपासता आल्या. ‘व्हॉल्यूम मधला’ अशी चिठ्ठी असलेली तार हलवली की आवाज जात होता. सुईने हाऊसिंगची जीभ दाबून पिन बाहेर काढली आणि भिंगाखाली धरली. क्रिंपचे दोन कान तांब्याऐवजी प्लॅस्टिकच्या आवरणावरच आवळलेले, आत जेमतेम दोन-तीन तंतू पितळेला टेकलेले, आणि तेही हिरवे पडलेले. तयार जुडग्यातलाच माल होता तो. त्याच जुडग्यातल्या आणखी पिना काढून पाहिल्या तर काहींची तीच कथा. त्यानंतर तयार तारा बंद. आता कोरे हाऊसिंग आणि सुट्या पिना आणतो, स्वतः क्रिंप करतो आणि क्रिंपवर सोल्डरचा अगदी बारीक थेंब सोडतो. सोल्डर तारेत वर चढू द्यायचं नाही, नाहीतर ती जागा कडक होऊन तिथेच तार तुटते. तेव्हापासून खरखर नाही.

चिठ्ठ्यांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण मला सगळ्यात जास्त उपयोग त्यांचाच झाला. पांढरी हीट श्रिंक नळी, तिच्यावर बारीक मार्करने नाव, वर पारदर्शक नळी चढवून हेअर ड्रायरने बसवलेली. नाव पिनचं नाही, कामाचं. ‘ए३’ असं कुठेच लिहिलेलं नाही, ‘पीटीटी’ (बोलताना दाबायचं माइकचं बटण) असं लिहिलं आहे. कारण पिनचं नाव नॅनोचं असतं आणि तिचं काम प्रोग्रॅम ठरवतो. फरहान यांच्याच आधीच्या बिटेक्स४० मध्ये ए३ वर फंक्शन बटण होतं आणि ट्यूनिंग ए७ वरच्या पॉटने व्हायचं. यूबिटेक्समध्ये बटण ए२ वर गेलं, ए३ वर पीटीटी आली आणि ट्यूनिंगचा एन्कोडर ए० आणि ए१ वर. ओळखीतल्या एका हॅमने बिटेक्स४० चा तयार बॉक्स आणि त्यातल्या तारा तशाच यूबिटेक्सला लावल्या. मेनू उघडायला बटण दाबलं की सेट ट्रान्समिटवर जायचा आणि माइकचं बटण दाबलं की मेनू उघडायचा. अँटेना लावलेली होती म्हणून निभावलं. त्यांच्या तारांवर पिनांची नावं अगदी सुबक अक्षरात लिहिलेली होती, बरं का.

ए६ ची गोष्ट वेगळी आणि जरा जास्त गुंतागुंतीची. या एकाच पिनवर मोर्सची साधी की आणि दोन पात्यांचं पॅडल (एक पातं डिटचं म्हणजे टिंबाचं, दुसरं डाहचं म्हणजे रेघेचं) दोन्ही चालतात. पाच व्होल्टकडून ४.७ किलोओहमचा रेझिस्टर ए६ ला, डिटच्या वाटेत २.२ आणि डाहच्या वाटेत १०. साधी की दाबली तर शून्य व्होल्ट, डिटला साधारण १.६, डाहला ३.४ आणि दोन्ही एकदम दाबले तर १.४ च्या जवळपास. नॅनो व्होल्टेज मोजून ठरवतो काय दाबलं ते. नुसता डिट आणि दोन्ही एकत्र यांत अंतर जेमतेम ०.२ व्होल्टचं आहे हे लक्षात घ्या. ५ टक्के टॉलरन्सचे रेझिस्टर नको त्या दिशेला असले तर दोन्ही पाती दाबूनही सेट नुसते डिट सोडू शकतो. मी ढीगभर रेझिस्टरांतून मल्टिमीटरने मोजून निवडले. मूळ प्रोग्रॅमऐवजी केडी८सीईसी हा पर्यायी प्रोग्रॅम टाकणाऱ्यांना या मर्यादा कॉम्प्युटरवरून बदलता येतात, तो मार्गही चांगला.

आणि सीडब्ल्यू करायचं नाही म्हणून ए६ मोकळी सोडू नका. नॅनोच्या ए६ आणि ए७ या दोन पिना फक्त मोजण्यासाठी आहेत, त्यांना आतून पुल-अप (पिनला पाच व्होल्टकडे धरून ठेवणारा रेझिस्टर) मिळत नाही. लोंबकळणारी निळी तार म्हणजे छोटी अँटेनाच. सेट चालू केला की आपोआप की दाबल्यासारखा ट्रान्समिटला जातो आणि माणूस रिलेला दोष देत बसतो. की नसली तरी ४.७ चा रेझिस्टर हवाच. मी तो जॅकवर न लावता कनेक्टरजवळच हिरव्या आणि निळ्या तारेच्या मध्ये लावला आहे, म्हणजे जॅकची तार तुटली तरी तो जागेवर राहतो.

वीजपुरवठ्याच्या कनेक्टरवर मेन बोर्डाला एक प्लस आणि पीएला (शेवटच्या पॉवर अँप्लिफायरला) वेगळा प्लस, ही रचना मला फार सोयीची वाटली. आयआरएफ५१० चा बायस (स्थिर प्रवाह) लावताना अँपमीटर फक्त पीएच्या तारेत टाकायचा आणि आरव्ही२, आरव्ही३ हे बोर्डावरचे स्क्रू एकेक करून फिरवत प्रवाह १०० मिलिअँपिअरने वाढवायचे. आकडा स्वच्छ दिसतो, बाकी बोर्डाचा प्रवाह त्यात मिसळत नाही. व्हॉल्यूमच्या पॉटमागे असतो तो स्विच मी फक्त मेन बोर्डासाठी वापरतो, पीएची तार फ्यूजमधून थेट. गेटवर व्होल्टेज नसेल तर आयआरएफ५१० प्रवाह घेत नाही, त्यामुळे ती तार चालू राहिली तरी बॅटरी संपत नाही. त्या नाजूक स्विचमधून दोन-अडीच अँपिअर नेण्यापेक्षा हे बरं. बॅटरी यूपीएसमधली, १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची. उलट जोडणीपासून बोर्डाचं रक्षण करायला आधीच्या मालकाने काहीच लावलेलं नव्हतं, ते मी बाहेरून लावलं. फ्यूजच्या पुढे १एन५४०८ डायोड उलटा, प्लस आणि ग्राउंडच्या मध्ये. बॅटरी उलटी लागली तर डायोड फ्यूज उडवतो आणि बोर्ड वाचतो.

एक इशारा हीटसिंकचा. आयआरएफ५१० चा पत्रा म्हणजेच ड्रेन, तिथे पुरवठ्याचा पूर्ण व्होल्टेज असतो. हीटसिंक इन्सुलेट केलेले नसतील तर तेही तितकेच जिवंत. तारा बांधताना त्यांच्यावरून काही जाऊ देऊ नका, आणि बॉक्सचं झाकण बसवताना वरून किती जागा राहते ते बघा. मी आतून जाड प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवला आहे.

ऑडिओत एकच नियम पाळला. माइकचं ग्राउंड ऑडिओच्या कनेक्टरवरूनच परत, शील्ड केलेल्या तारेने. ते राडुइनोच्या पिवळ्या तारेला जोडलं की डिस्प्ले आणि नॅनोची किरकिर आवाजात शिरते. बॉक्सच्या पत्र्यावर सगळी ग्राउंड एकत्र टेकवली तरी तोच त्रास, म्हणून ऑडिओचे जॅक प्लॅस्टिकच्या वॉशरवर बसवले. माइकच्या जॅकला आतून फेराइटचा मणी आहे, तेवढ्याने ४० मीटरवर तरी आरएफ माइकमध्ये परत येत नाही.

अँटेनाची तार आरजी-१७४, बोटभर लांबीची, बीएनसीपर्यंत. तिच्यापुढे ४० मीटरसाठी वेगळा लो-पास फिल्टर लावला आहे. आवृत्ती ३ आणि ४ मध्ये रिलेंच्या मांडणीमुळे हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले नको असलेले सिग्नल) फिल्टरला वळसा घालून बाहेर निसटतात, आवृत्ती ५ मध्ये मांडणी बदलली ती त्याचसाठी. जुना बोर्ड घेणाऱ्याने हा खर्च धरूनच चालावं.

राहता राहिली यूएसबी. नॅनोच्या सॉकेटला लॅपटॉप जोडला की सेट ३८४०० बॉडवर एफटी-८१७ हा यासूचा रेडिओ असल्याचं सोंग घेतो, लॉगिंगचे प्रोग्रॅम त्याला चटकन ओळखतात. पण मुख्य स्विच बंद असतानाही लॅपटॉपच्या पाच व्होल्टवर नॅनो जागा होतो, डिस्प्ले उजळतो, फ्रिक्वेन्सी दिसते, आणि स्पीकर मात्र गप्प. पहिल्यांदा पाहणारा ऑडिओच्या तारा उपसायला घेईल. आधी बॅटरीचा स्विच बघा. लॅपटॉप चार्जरवर असेल तर ७ मेगाहर्ट्झवर गुणगुण वाढते, म्हणून संध्याकाळच्या नेटला (ठरल्या वेळी हॅम हवेवर जमतात तेव्हा) मी तो चार्ज करून मगच जोडतो. पॅनलवर यूएसबीचं सॉकेट काढलेलं नाही, केबल बॉक्सच्या मागच्या भोकातून थेट नॅनोपर्यंत जाते आणि तिला आतून पट्टीने बांधलं आहे, कारण नॅनोचं ते इवलंसं सॉकेट ओढ सहन करत नाही.