एक्सबॉक्स घेऊ की पीएस५? आधी हरणाऱ्या कंपन्या काय करतात ते बघू

दिवाळीनंतर मावसभावाचा फोन आला. बोनस हातात आहे, पोरगा मागे लागलाय, गेम खेळायला मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स घेऊ की सोनीचा पीएस५ (प्लेस्टेशन ५)? आणि लगेच पुढचं, "ती एक्सबॉक्सवाली मंडळी गाशा गुंडाळतायत म्हणे, खरं का रे?" फोनवर मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण खरं उत्तर लांबलचक आहे, म्हणून इथे लिहितोय. अजून कोणी याच घोळात असेल तर त्यालाही उपयोग होईल.

कन्सोल घेताना सगळे टेराफ्लॉप (मशीनच्या ताकदीचा आकडा) नि हार्डडिस्क बघत बसतात. मी म्हणतो स्थळ बघताना आपण नुसता मुलाचा पगार बघतो का, घर पण बघतोच ना. कन्सोलचं तसंच आहे. डबा विकून कंपनीला फारसं काही सुटत नाही, कधीकधी तर ती खिशातूनच पैसे घालते आणि मग प्रत्येक गेमच्या विक्रीतून कट घेऊन ते वसूल करते, म्हणजे तुमचा तिच्याशी सहा-सात वर्षांचा व्यवहार असतो, आणि तिनेच मधे हात वर केले तर टीव्हीखाली डबा राहतो आणि नवीन गेम दुसरीकडे जातात. म्हणून मागे पडलेली कंपनी सध्या कुठल्या वाटेने चाललीय ते बघायचं. या वाटा सेगा, सोनी नि निन्टेंडो या जपानी कंपन्यांनी आधीच तुडवून ठेवल्यात.

सेगा: स्वस्त दिलं, चांगलं दिलं, आधी दिलं, तरी गेली

लोकांना वाटतं मागे पडलेल्या कंपनीने किंमत कमी केली की झालं. त्यांनी सेगाची गोष्ट ऐकावी.

११ मे १९९५, लॉस एंजेलिस, पहिलाच ई-थ्री, म्हणजे गेम कंपन्यांचा मोठा मेळावा. सेगाने स्टेजवरून जाहीर केलं की सॅटर्न हा नवा कन्सोल सप्टेंबरमध्ये येणार होता तो आजच दुकानात आलाय, ३९९ डॉलर. पण तो ठरावीक दुकानांतच पोचवला होता, बाकीचे दुकानदार असे काही भडकले की काहींनी सेगाचा माल ठेवणंच बंद केलं. गेम बनवणाऱ्यांचे गेम सप्टेंबरच्या हिशोबाने चाललेले, ते अर्धवट. आणि त्याच दिवशी नंतर सोनीची पाळी आली, स्टीव्ह रेस नावाचा त्यांचा माणूस स्टेजवर आला, "२९९" एवढंच बोलला आणि जाऊन बसला. प्लेस्टेशनची किंमत. टाळ्या. मला तर वाटतं सेगाचा अर्धा खेळ तिथेच आटोपला.

मग सेगाचा पुढचा कन्सोल, ड्रीमकास्ट. अमेरिकेत ९ सप्टेंबर १९९९ ला आला, १९९ डॉलरला, डब्यातच इंटरनेटसाठी मोडेम, सोलकॅलिबरसारखा गेम पहिल्या दिवशी. मशीनमध्ये खोट काढायला जागा नव्हती. पण त्याआधीच्या काही वर्षांत सेगाच्या जुन्या कन्सोलला जोडायची यंत्रं, म्हणजे सेगा सीडी घेणारे फसले, ३२एक्स घेणारे फसले, सॅटर्नवाले फसले, आणि दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. लोक म्हणाले थांबू, पीएस२ येतोय. तो २९९ ला आला, शंभर डॉलर महाग, पण त्यात डीव्हीडी चालायची आणि त्या काळात घरात डीव्हीडी प्लेअर घ्यायचाच होता. ईए या बड्या गेम कंपनीने ड्रीमकास्टसाठी एकही गेम काढला नाही. वर पायरसी अशी की साध्या सीडीवर गेम कॉपी करा नि चालवा, चिप बसवायची पण गरज नाही.

३१ जानेवारी २००१ ला सेगाने ड्रीमकास्ट बंद करत असल्याचं जाहीर केलं. जेमतेम ९० लाखांच्या पुढे विकला गेला. कंपनीचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी सेगा जगावी म्हणून स्वतःच्या संपत्तीतले जवळपास ७० कोटी डॉलर कंपनीला दिले आणि त्याच मार्चमध्ये ते वारले. वर्ष संपायच्या आत सेगाचा लाडका हिरो सॉनिक निन्टेंडोच्या मशीनवर पळायला लागला. ज्याच्याशी दहा वर्षं कुस्ती खेळली त्याच्याच आखाड्यात.

म्हणजे सेगा कंपनी वाचली, डबा गेला. हे लक्षात ठेवा, एक्सबॉक्सकडे आलो की लागेल.

सोनी: खिसा खोल असेल तर

पीएस२ ने जग जिंकल्यावर सोनीच्या डोक्यात हवा गेली. नोव्हेंबर २००६ मध्ये पीएस३ आणला, मोठं मॉडेल ५९९ डॉलरला, आत सेल नावाचा प्रोसेसर, ज्याच्यावर गेम बनवताना डेव्हलपर मेटाकुटीला आले. एक्सबॉक्स ३६० वर्षभर आधीच बाजारात होता आणि स्वस्त होता.

सोनीने मग काही चमत्कार केला नाही, नेटाने दुरुस्ती करत राहिली. २००९ मध्ये स्लिम मॉडेल २९९ ला, अनचार्टेड २ सारखे स्वतःच्या स्टुडिओचे गेम, २०१० पासून पीएस प्लस ही वर्गणीची योजना. थोडं नशीब पण होतं म्हणा. समोर ३६० मशीनं लाल दिवे दाखवून मरत होती, जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या बिघाडाची वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यापायी अब्जावर डॉलर बाजूला काढून ठेवले. (गंमत म्हणजे तेव्हा एक्सबॉक्सकडून हे निस्तरणारे पीटर मूर म्हणजे ड्रीमकास्ट बंद होताना सेगा अमेरिकेचे प्रमुख असलेले पीटर मूर. काय नशीब बघा एकेकाचं.) शेवटी पीएस३ गेला पावणेनऊ कोटींच्या आसपास आणि ३६० साडेआठच्या थोडा अलीकडे थांबला. पण त्या सगळ्या वर्षांत सोनीने जे पैसे जाळले ते पेलायला मागे सोनीएवढं मोठं घर लागतं. सेगाला हे जमलंच नसतं.

निन्टेंडो: त्यांच्या मैदानात खेळायचंच कशाला

माझ्या मते ही सगळ्यात शिकण्यासारखी केस. गेमक्यूब या कन्सोलच्या वेळी निन्टेंडोने किंमत ९९ डॉलरपर्यंत खाली आणली, तरी विकले गेले २ कोटी १७ लाख, आणि पीएस२ पंधरा कोटींच्या पार. किंमत कापून उपयोग नाही हे तिथे दुसऱ्यांदा सिद्ध झालं.

मग २००६ मध्ये वी नावाचा कन्सोल. आतलं इंजिन बऱ्यापैकी गेमक्यूबचंच होतं, थोडं ताणलेलं. एचडी नाही. ग्राफिक्सवाल्या लोकांनी नाकं मुरडली. पण हातात हलवून खेळायचा रिमोट होता. २००८ ला आई ताईकडे न्यू जर्सीला गेली होती, तिने जन्मात कधी कंट्रोलर धरला नव्हता, त्या बटणांच्या गर्दीला ती हातच लावायची नाही. तिने साडीचा पदर खोचून, मनगटात तो पट्टा अडकवून भाऊजींना टेनिसमध्ये हरवलं आणि "अजून एक डाव" म्हणून तिथेच उभी राहिली. व्हिडिओ आहे माझ्याकडे. सोनी नि मायक्रोसॉफ्ट एकाच गिऱ्हाइकासाठी भांडत होते आणि निन्टेंडो आईला गिऱ्हाईक करून बसली. वी दहा कोटींच्या वर गेला.

आता असं नाही की त्यांना कायमची अक्कल आली. पुढचा वी यू इतका वाईट समजावून सांगितला की लोकांना वाटलं हा जुन्या वीलाच जोडायचा काहीतरी टॅबलेट आहे. १ कोटी ३५ लाखांवर गाडी थांबली. तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार अर्धा केला आणि माणसं काढायला नकार दिला, का तर नोकरी जाईल या धास्तीत बसलेला माणूस लोकांना भारावून टाकणारं सॉफ्टवेअर बनवूच शकत नाही असं त्यांचं म्हणणं. इवाता २०१५ मध्ये गेले, पुढचा कन्सोल स्विच त्यांनी बाजारात आलेला बघितला नाही.

स्विच म्हणजे तरी काय, हातातल्या मशीनवाली टीम आणि टीव्हीवाली टीम एकत्र केली, एनव्हिडियाची तयार चिप घेतली, ३ मार्च २०१७ ला बाजारात, सोबत झेल्डा मालिकेचा नवीन गेम. आज पंधरा कोटींच्या वर. याहून बोलका आकडा मारियो कार्ट ८ चा आहे. वी यू वर तो साधारण ८४ लाख विकला गेला. तोच गेम थोडा वाढवून स्विचवर आणला तर सहा कोटींच्या पुढे. म्हणजे गेम चांगलाच होता, डबा चुकला होता. स्वतःचे गेम दुसऱ्याला दिले नव्हते म्हणून डबा बदलल्यावर ते पुन्हा कामाला आले.

आणि आता एक्सबॉक्स

यांची खरी माती २०१३ मध्ये झाली. एक्सबॉक्स वन ४९९ डॉलरला, किनेक्ट नावाचा कॅमेरा गळ्यात बांधलेला, लाँचला गेमपेक्षा टीव्हीच्या गप्पा जास्त, शिवाय सारखं ऑनलाइन लागेल आणि जुनी डिस्क विकण्यावर बंधनं. सोनीने काय केलं, बावीस सेकंदांचा व्हिडिओ टाकला: पीएस४ वर गेम दुसऱ्याला कसा द्यायचा. एक माणूस डिस्क पुढे करतो, दुसरा "थँक्स" म्हणतो. संपला. आपल्याकडे तर डिस्कची अदलाबदल हाच अर्धा व्यवहार, आपल्याला हे वेगळं समजवायलाच नको. मायक्रोसॉफ्टने दहा दिवसांच्या आत माघार घेतली पण व्हायचं ते झालं. आणि नेमक्या त्याच पिढीत लोकांनी डिजिटल गेम विकत घ्यायला सुरुवात केली, ते सगळे पीएस४ च्या खात्यात साठले आणि पीएस५ वर तसेच चालले. असा माणूस घर बदलत नाही हो, सामान खूप झालेलं असतं.

नंतर एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी बऱ्याच गोष्टी बरोबर केल्या. जुने गेम नव्या मशीनवर चालवले, आणि त्यात एक्सबॉक्सचा हात आजही कोणी धरत नाही. २०१७ मध्ये गेम पास आणला, म्हणजे महिन्याची वर्गणी भरा नि ढीगभर गेम खेळा. मग गेम कंपन्या विकत घेतल्या, बेथेस्डा साडेसात अब्ज डॉलर, मग ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ६८.७ अब्ज. आणि माझ्या मते इथेच पाय अडकला. एवढा पैसा ओतल्यावर गेम फक्त आपल्या कमी खपाच्या डब्यावर ठेवणं परवडत नाही. २०२४ मध्ये चार गेम बाहेर दिले, २०२५ मध्ये फोर्झा होरायझन ५ आणि गिअर्स पीएस५ वर, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हेलोसुद्धा तिकडे जाणार असल्याचं जाहीर झालं. हेलो! म्हणजे ज्याच्यासाठी लोकांनी पहिला एक्सबॉक्स घेतला तो.

तर मग ही सेगाची वाट का? दिशा तीच, फक्त तिजोरी भरलेली. सेगा नाइलाजाने गेली, हे मोजूनमापून चाललेत. कंपनी बुडत वगैरे नाहीये. पण भावा, तू कंपनीचे शेअर घेत नाहीयेस, डबा घेतोयस. आणि सोनीचे मोठे गेम एक्सबॉक्सवर क्वचितच येतात, यांचे मात्र तिकडे जातात. एका दुकानात दोन्हीकडचा माल, दुसऱ्यात बहुतेक एकाचाच, तर माणूस कुठे जाईल?

मला विचाराल तर एक्सबॉक्सपुढे अजून एक वाट होती नि आहे, ती म्हणजे निन्टेंडोसारखं सोनीच्या शेजारी उभं राहणं सोडून देणं. पीसी आणि कन्सोल यांच्या मधलं काहीतरी, हातात धरायचं असो की टीव्हीखाली ठेवायचं. असुसबरोबर काढलेला, हातात धरायचा आरओजी एक्सबॉक्स अलाय त्याच दिशेने आहे, पण किंमत अशी की बोनसवाल्या माणसाने नुसतं बघून यावं.

मग भारतात, आज, काय

गेम पासचा जो सगळ्यात मोठा फायदा सांगायचे तो आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये पातळ झाला. त्याचा सगळ्यात वरचा प्लॅन, अल्टिमेट, महिना ८२९ रुपयांवरून १,३८९ वर गेला. त्या दराने वर्षाचे १६,६६८ रुपये, आणि भरणं थांबवलं की हातात काही नाही. एवढ्यात वर्षाला तीन-चार नवे मोठे गेम डिस्कवर येतात, खेळून झाले की विकता येतात. कन्सोलसाठी खालचे स्वस्त प्लॅन आहेत पण त्यात पहिल्या दिवशी नवीन मोठे गेम नाहीत.

घरी बरा पीसी असेल तर एक्सबॉक्स घेण्यात मला अर्थ दिसत नाही, तेच गेम पीसीवर येतात. एक्सबॉक्सचं स्वस्त मॉडेल सिरीज एस कोणी ओळखीचा, थोडा वापरलेला, स्वस्तात देत असेल तर जुन्या गेमसाठी घ्या, त्यात डिस्क जात नाही हे आधी लक्षात घ्या म्हणजे झालं. स्विच मला स्वतःला सगळ्यात आवडतो, लहान पोरांना तर तोच, पण भारतात निन्टेंडो अधिकृतपणे विकत नाही, बाहेरून आलेला माल घ्यायचा आणि वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. माझ्या दुकानदाराचा शब्द चार महिने टिकला. परदेशातून कोणी येत असेल तर त्यांना सांगा.

राहिला पीएस५. स्लिम इथे आला तेव्हा डिस्कवाला नि बिनडिस्कचा यात दहा हजारांचा फरक होता. तो फरक द्या. जुन्या डिस्का घेण्या-विकण्यात काही महिन्यांत निघतो.

हे सगळं ऐकवल्यावर मी त्याला म्हटलं, पोराला एवढंच विचार की मित्रांकडे काय आहे. तासाभराने मेसेज: "बी विंगमध्ये दोघांकडे पीएस५, एकाकडे पीएस४." शनिवारी डिस्कवाला बघायला जातोय दोघं. मी तिथेच एक एक्सबॉक्सचा कंट्रोलर उचलणार आहे, माझ्या पीसीला. तो मात्र त्यांच्यासारखा कोणी बनवत नाही.