फॉर्मिक ॲसिडमधून हायड्रोजन: पॅलेडियम की रुथेनियम?

सावंतवाडीचा भाचा एमएस्सीच्या प्रोजेक्टवरून अडलाय: फॉर्मिक ॲसिडमधून हायड्रोजन काढायला उत्प्रेरक, म्हणजे प्रक्रियेला वेग देणारा पदार्थ, म्हणून पॅलेडियम घ्यावं की रुथेनियम? ॲसिडची ओळख त्याला लहानपणापासूनच. दोडामार्गकडे रबराचा चीक गोठवायला तेच वापरतात. एका लिटरात साधारण 53 ग्रॅम हायड्रोजन असतो. प्रश्न आहे तो बाहेर काढायचा.

कार्बनवरचं पॅलेडियम म्हणजे काळी भुकटी. ॲसिडमध्ये सोडियम फॉर्मेटसोबत (हे त्याच ॲसिडचं मीठ) टाकली की जवळपास खोलीच्या तापमानालाच बुडबुडे सुटतात. काम झालं की गाळून परत घ्या. फक्त गाळणकागद ओला ठेव रे बाबा, सुकला तर पेटतो! खरी अडचण कार्बन मोनॉक्साइडची. ॲसिड थोडं जरी दुसऱ्या वाटेने फुटलं, म्हणजे पाणी आणि मोनॉक्साइड झालं, तरी तो वायू पॅलेडियमला चिकटून बसतो आणि वेग मंदावतो. हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या फ्युएल सेललाही तो बाधतो.

रुथेनियमचे विरघळणारे संयुग इथे सरस. 2008 मध्ये स्वित्झर्लंडमधले रसायनशास्त्रज्ञ लॉरेंची यांच्या गटाने पाण्यात चालणारं असं संयुग दाखवलं. मोनॉक्साइड जवळपास नाहीच, शिवाय दाबाखालीही चालतं. पण त्याला ऊब लागते, 100 अंशांच्या आसपास. शिवाय अशा संयुगांत रुथेनियमला फॉस्फिन नावाचे फॉस्फरसयुक्त रेणू जोडलेले असतात, त्यातले अनेक हवेने खराब होतात, म्हणजे नायट्रोजनचा सिलिंडर आला. आणि विरघळलेलं परत गाळणार कसं?

कॉलेजच्या साध्या प्रयोगशाळेत, आषाढात वीज जाते-येते तिथे, पॅलेडियमच घे. फ्युएल सेल जोडून दाखवायचा असेल आणि नायट्रोजनची सोय असेल, तर मात्र रुथेनियम.